काळ्या मातीवर दगडांची बाग

माझी पहिली दगडांची बाग भाद्रपदात सडली. उन्हाळ्यात नव्हे, भाद्रपदात. परभणीच्या घरामागं आठ फूट लांब, चार फूट रुंद आणि दीड फूट खोल खड्डा घेतला होता. तळाला विटांचे तुकडे, त्यावर वाळू, वर गोल गोल दगड आणि मधेमधे निवडुंग. मे महिन्यातल्या ४३ अंशांत एकाही झाडानं मान टाकली नाही. सप्टेंबरात झड लागली, चार दिवस उघाड नाही, आणि पाचव्या दिवशी बोट लावलं की निवडुंगाचं बूड पिकलेल्या केळ्यासारखं हातात यायला लागलं.

चूक साधी होती. काळ्या मातीत खड्डा घेऊन त्यात वाळू भरणं म्हणजे हौद बांधणं. वाळूतून पाणी भराभर खाली जातं, पण चहूबाजूंची चिकण माती ते पुढं जाऊ देत नाही. वरून कोरडी ठणठणीत दिसणारी बाग आतून डबक्यात उभी असते. दुष्काळी मुलखात राहून झाडं जास्त पाण्यानं मारली, हे सांगायलाही लाज वाटत होती.

रॉक गार्डन म्हटलं की आपल्याकडं पटकन चंदीगड आठवतं. नेकचंद यांनी फुटक्या कपबश्या, बांगड्या, फरशांपासून उभं केलेलं आणि १९७६ मध्ये लोकांसाठी खुलं झालेलं ते उद्यान शिल्पांचं आहे. मी बोलतेय ते झाडांच्या बागेबद्दल. हा प्रकार मुळात थंड मुलखातला. आल्प्ससारख्या डोंगरांत, जिथं मोठी झाडं संपतात त्याच्याही वर, दगडांच्या चुऱ्यात वीतभर उंचीची झाडं उगवतात. जेन्शियन, सॅक्सिफ्रेज ही त्यांतली. ती खाली सपाटीवरच्या बागांत जगवायची हौस इंग्लंडमधल्या लोकांना लागली. लंडनच्या क्यू उद्यानातली दगडांची बाग १८८२ मधली आहे. तिथं त्यांना एक गंमत दिसली. डोंगरावर कोरड्या बर्फाखाली कडाक्याची थंडी सहज काढणारी ही झाडं इंग्लंडच्या सौम्य पण ओल्या हिवाळ्यात कुजत होती. मारत होती ती थंडी नव्हे, बुडाशी साचलेली ओल. म्हणून त्यांनी जमीन उंच केली, मातीत खडी मिसळली, दगड तिरके पुरले. झाडाचं बूड कोरडं राहावं आणि मुळं दगडाखालच्या गारव्यात खोल जावीत, एवढाच सगळा खटाटोप.

त्यांचा वैरी हिवाळ्यातली ओल, आपला भाद्रपदातली. म्हणून त्यांची युक्ती आणायची, झाडं मात्र आणायची नाहीत.

कोणत्या महिन्यात काय

बहुतेक लोक पहिला पाऊस पडला की फावडं हातात घेतात. या बागेसाठी ती वेळ चुकीची. माझं वेळापत्रक असं आहे: चैत्र-वैशाखात खोदाई आणि दगड, पावसाळाभर बाग झाडांविना तशीच उघडी, आणि दसरा ते दिवाळी या काळात लागवड. उन्हाळ्यात काळी माती कोरडी असते, चिखल होत नाही, दगड ओढता येतात. आणि पावसाळा हा फुकटचा तपासनीस. कुठं पाणी थांबतं, कोणता दगड खचतो, माती कुठून वाहून जाते, हे सगळं तो दाखवतो. मराठवाड्यात वर्षाचा पाऊस सरासरी ७०० ते ७५० मिलिमीटरच्या घरात. ऐकायला फार नाही, पण तो पडतो मोजक्या दिवसांत. जुलैत तीन आठवडे ओढ देऊन सप्टेंबरात एका रात्रीत सगळं उसनं फेडतो. बाग त्या एका रात्रीसाठी बांधायची.

जागा

पहिल्यांदा करत असाल तर दहा फूट बाय सहा फूट पुरे. जागा निवडायला एक जोरदार सर हवी. छत्री घेऊन बाहेर उभं राहा आणि अंगणातलं पाणी कुठून कुठं जातं ते बघा. पन्हाळीचं पाणी जिथं पडतं ती जागा नको. कडुलिंबाखालची नको, कारण पानगळीत खडीत अडकलेली पानं वेचता वेचता पाठ मोडते आणि तीच पानं पुढं कुजून ओल धरतात. सकाळचं ऊन चार-पाच तास मिळेल आणि दुपारी तीननंतर भिंतीची नाहीतर झाडाची सावली येईल अशी जागा मिळाली तर सोनं.

मग निचरा तपासा. एक फूट रुंद, एक फूट खोल खड्डा घ्या, काठोकाठ पाणी भरा. ते जिरलं की पुन्हा भरा आणि तासाभरानं पट्टी घालून पाहा. तासाला एक इंचापेक्षा कमी उतरत असेल तर निचरा वाईट. परभणी, नांदेडकडच्या गोदाकाठच्या खोल काळ्या जमिनीत दुसऱ्या भरणीचं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही दिसेल. बालाघाटच्या पट्ट्यात, अंबाजोगाई-धारूरकडं, हातभर खाली मुरूम लागतो. तिथं ते चहा होईपर्यंत गायब. तुमची जमीन दुसऱ्या प्रकारची असेल तर पायाचा पुढचा भाग सोडून द्या. सपाटीवर थोडी खडी मिसळली तरी तुमचं भागेल.

काळ्या मातीवरचा पाया

नियम एकच: खाली जायचं नाही, वर यायचं. आखलेल्या जागेतली वरची सहा इंच माती काढून बाजूला करा. ही माती फेकू नका, पुढं थोडी लागणार आहे. तिच्यासोबत हराळी आणि लव्हाळ्याचे गड्डे निघतील. ते शेवटच्या गड्ड्यापर्यंत वेचा आणि तळ दोन आठवडे उन्हात तापू द्या. हे काम टाळलंत तर दगडाखालून येणारी हराळी तुम्हाला कधीच हरवता येणार नाही. दगड हलवल्याशिवाय तिचं मूळ हाती लागत नाही आणि दगड दरवर्षी हलवता येत नाहीत.

उघड्या तळाला एका बाजूला उतार द्या, दहा फुटांत तीन-चार इंच. डोळ्यावर विश्वास ठेवू नका, गवंड्याची लेव्हलची नळी मागून आणा. त्यावर सहा इंच जाड मुरूम पसरा, पाणी मारा आणि धुम्मसानं ठोका. हा थर पाणी उताराकडं नेतो आणि काळ्या मातीची धडधड थोडी सोसतो. धडधड म्हणजे काय ते इथल्या कुणालाही सांगायला नको. हीच माती पावसाळ्यात फुगते आणि एप्रिलमध्ये मनगट जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर थेट ठेवलेला दगड दोन वर्षांत मान वाकडी करतो.

वाफ्याच्या भोवती वीतभर खोल चर काढा आणि तो उताराच्या टोकाकडून अंगणाबाहेर, किंवा आंब्या-पेरूच्या आळ्यात सोडा. एवढं झालं की बागेचं निम्मं काम झालं, दिसायला मात्र अजून काहीच नाही. शेजारी विचारतील, ‘काय, रस्ता करताय का?’

दगड

विकतचे दगड घेऊ नका. मराठवाड्यात दगड विकत घेणं म्हणजे कोकणात नारळ विकत घेण्यासारखं. खोदलेल्या विहिरीच्या काठावर मलब्याचा ढीग वर्षानुवर्षं पडून असतो. शेतकऱ्याला ती अडगळच असते, विचारलं तर बहुधा आनंदानं देतो. शेताच्या बांधावर वेचून टाकलेले धोंडे असतात. पडलेल्या वाड्यांचे दगड असतात. मात्र मुरूम किंवा दगड ट्रॅक्टरनं आणायचा असेल तर तो गौण खनिजात मोडतो, तहसीलची परवानगी लागते. गाडीवाल्याला आधी विचारा आणि पावती बघा.

विहिरीच्या मलब्यात साधारण दोन प्रकार मिळतात. एक काळा पाषाण, घट्ट, कडांना धार. दुसरा मांजऱ्या, म्हणजे छिद्राछिद्रांचा, फिकट, कधी आत पांढरे स्फटिक चमकणारा. नवशिक्यानं मांजऱ्या घ्यावा. तो हलका असतो, ओल धरतो, त्याच्या छिद्रांत बारीक मुळं शिरतात आणि तो काळ्या पाषाणापेक्षा कमी तापतो. वजनाचा अंदाज हवा. एक फूट लांब, रुंद, उंच असा घट्ट काळा पाषाण ८० किलोच्या आसपास भरतो. दोघांना पहारीनं सरकवता येतील असे, ४० ते ६० किलोंचे सात-आठ दगड आणि एकट्याला उचलता येतील असे दहा-बारा, एवढ्यात दहा बाय सहाची बाग होते. मुरूम अर्धा ते पाऊण ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट).

नदीतले गोल गोटे मला आवडत नाहीत. ते एकमेकांत बसत नाहीत, मातीत रुतत नाहीत आणि कितीही नीट मांडले तरी कुणीतरी आत्ताच ओतून गेल्यासारखे दिसतात. रंगवलेले दगड आणि संगमरवराची पांढरी खडी यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

एक गंभीर सूचना. मलब्याच्या ढिगात हात घालून दगड काढू नका. आपल्याकडं दगडाखाली विंचू असतो आणि फुरसंही असतं. आधी पहारीनं दगड उलटा, क्षणभर थांबा, मग हात लावा. पायात बूट, हातात जाड मोजे. हीच काळजी बाग तयार झाल्यावरही. दगडांच्या मागं पोकळी ठेवायची नाही, प्रत्येक फट मातीनं आणि मुरमानं ठासून भरायची. झाडालाही पोकळी चालत नाही, त्याचं मूळ हवेत लटकून वाळतं.

आता मांडणी. वेरूळच्या डोंगराकडं नाहीतर देवगिरीच्या कातळाकडं लांबून बघा. आपला खडक लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला आहे, आडवा, पायऱ्यापायऱ्यांचा. या खडकाला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात, त्यातला ‘ट्रॅप’ स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आलाय. म्हणून बागही पायऱ्यांची करायची, दोन किंवा तीन. वाफ्याच्या मधोमध ढीग करून शेंड्याला एक उभा दगड लावला तर ते म्हसोबाचं ठाणं दिसतं. कुणीतरी शेंदूर लावून जाईल.

सगळ्यात मोठा दगड आधी, उताराच्या खालच्या कोपऱ्यात. त्याच्यासाठी बैठक खणा आणि दगडाचा तिसरा हिस्सा तरी मातीत जाऊ द्या. वरची बाजू किंचित आतल्या बाजूला कललेली हवी. त्यामुळं दगडावर पडलेलं पाणी पुढून घरंगळून न जाता मागं, मुळांकडं उतरतं. गावाकडं विहिरीची कामं करणारे एक मामा माझ्या मदतीला होते. मी दगड नुसते ठेवत होते ते बघून म्हणाले, ‘दगडाला बी बूड लागतंय ताई. नुस्ता वर ठिवला की पाव्हण्यावानी दिसतंय.’ मी सगळे परत काढले आणि पुरले.

दगडावर आडव्या रेषा किंवा पापुद्रे दिसत असतील तर त्या सगळ्या दगडांत एकाच दिशेनं जातील असं बघा. पहिल्या दगडाला चिकटून दुसरा, तिसरा, मग मधे मोकळी जागा, मग पुन्हा दोन. समान अंतरावर मांडले की दातांची कवळी होते. प्रत्येक दगडावर उभं राहून डुला. जरा जरी हलला तरी काढा आणि खाली मुरूम ठासा. उंची अडीच फुटांच्या वर नेऊ नका आणि दगडावर दगड रचून भिंत करू नका. नुसत्या मातीत रचलेले अनघड दगड हादऱ्यात काय करतात, हे ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. घरात लहान मुलं असतील तर ती यावर चढणारच, हे धरून चाला.

सावली कोणत्या बाजूला

इथं थंड देशांतली पुस्तकी माहिती जशीच्या तशी उचलली की घात होतो. तिकडं दुपारचा सूर्य बाराही महिने दक्षिणेला असतो, म्हणून दगडाची उत्तर बाजू भरदुपारी कायम सावलीत. मराठवाडा साधारण १८ ते २०.५ अंश उत्तर अक्षांशांवर आहे. मे महिन्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचे दिवस आपल्याकडं तेव्हाच, आणि त्यानंतर जुलैच्या मध्यापलीकडंपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला सरकलेला असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दगडाची उत्तर बाजू काही वाचवत नाही. वाचवते ती पूर्व बाजू. दुपारी दोन ते पाचचं पश्चिमेचं ऊन हे झाडाला भाजणारं ऊन, ते दगडानं अडवायचं. म्हणून मोठे दगड पश्चिमेकडं, नाजूक झाडं त्यांच्या पूर्वेला, दगडापासून चार बोटं सोडून. अगदी चिकटवून लावलं तर तापलेला काळा पाषाण पानांना तव्यासारखा चटका देतो. मुळांची गोष्ट उलटी. मे महिन्यात बांधावरचा एखादा मोठा दगड उलटा करून बघा, सगळं शेत भाजून निघालेलं असताना त्याच्याखाली गारवा आणि किंचित ओल सापडते. झाडाचं डोकं दगडापासून दूर आणि पाय दगडाखाली, असं बसवायचं.

मातीचं मिश्रण

माप घमेल्याचं. चाळलेला मुरूम तीन घमेली, कच (दगडाचा बारीक चुरा) किंवा जाड वाळू दोन, बाजूला काढलेली काळी माती एक, पूर्ण कुजलेलं शेणखत पाऊण. वर मूठभर निंबोळी पेंड.

मुरूम चाळताना पिठासारखा भाग टाका, हरभऱ्याएवढे ते ज्वारीएवढे दाणे ठेवा. क्रशरची कच आणाल तर ती धुवून घ्या. तिच्यातली भुकटी पाण्यानं सिमेंटसारखी बसते आणि सगळा निचरा बंद करते. शेणखत कच्चं असेल तर हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि वाळवी दोन्ही येतात. काळी माती पूर्ण वगळू नका. नुसत्या मुरमात पहिला उन्हाळा निघत नाही; थोडी चिकण माती ओल धरून ठेवते. पण एकाची दोन घमेली करायचा मोहही आवरा. ओलं मिश्रण मुठीत दाबून सोडलं की लगेच विस्कटलं पाहिजे. लाडू वळला गेला तर मुरूम वाढवा.

दगडांच्या मधे हे मिश्रण दहा ते पंधरा इंच भरा, थोडं उंचच, कारण पावसात ते बसणार. आणि मग थांबा. दसऱ्यापर्यंत.

जागा नाही त्यांच्यासाठी: फरशीची बाग

लातूर, संभाजीनगरातल्या ज्यांच्याकडं अंगण म्हणजे पाच फुटांची पट्टी, त्यांनी हे करावं. मला स्वतःला हा प्रकार दगडांपेक्षा जास्त आवडायला लागलाय. चेक प्रजासत्ताकातल्या बागकाम करणाऱ्यांनी एक पद्धत लोकप्रिय केली: चपटे दगड उभे करून, पुस्तकांच्या कपाटासारखे जवळजवळ पुरायचे आणि मधल्या अरुंद फटींत झाडं लावायची. फटीतलं पाणी सरळ खाली जातं, मूळही त्याच्या मागोमाग खोल जातं, आणि वर बुडाशी ओल थांबायला जागाच नसते.

आपल्याकडं यासाठी तयार माल पडून आहे: शहाबादी फरशी. जुनी घरं पाडून टाइल्स बसवल्या की शहाबादीचे तुकडे रस्त्याच्या कडेला ढिगानं येतात. हातभर लांबीचे तुकडे निवडा. विटांचा दीड फूट उंच वाफा करा, तळाच्या विटांत पाणी जायला भोकं ठेवा. तुकडे उभे, दोन तृतीयांश खाली आणि एक तृतीयांश वर, पूर्व-पश्चिम धावणाऱ्या ओळींत न लावता उत्तर-दक्षिण ओळींत लावा, म्हणजे प्रत्येक फरशी पूर्वेकडच्या फटीवर दुपारची सावली टाकते. फट दीड-दोन इंचांची. फटींत वरचंच मिश्रण, पण शेणखत निम्मं. भरताना लोखंडी पट्टीनं खालपर्यंत ठासायचं. फरशीच्या कडा सरळ कापलेल्या असतील तर हातोडीनं थोड्या फोडा, नाहीतर बाग न दिसता फरशीचं गोदाम दिसतं. शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे, तो माती थोडी अल्कधर्मी करतो. आपली काळी माती मुळात तशीच, त्यामुळं इथली झाडं त्याला सरावलेली असतात.

झाडं

फोनवर दिसणारी, गुलाबाच्या फुलासारखी मांसल पानांची निळसर गुलाबी एचेव्हेरिया आधी मनातून काढा. ती मेक्सिकोच्या उंच पठारांवरची, तिला गार रात्री लागतात. आपल्या मे महिन्यात रात्रीही भिंती गरम असतात. लिथॉप्स, म्हणजे गोट्यांसारखी दिसणारी मांसल झाडं, पावसाळ्यात फुटून सडतात. कलांचोची फुललेली कुंडी दिवाळीत आणा, होळीपर्यंत बघा आणि सोडून द्या. जेन्शियन वगैरे थंडीतल्या झाडांचं बी कुणी ऑनलाइन विकत असेल तर पैसे वाचवा.

भरवशाची झाडं म्हणजे कोरफड, तिच्या ठेंगण्या जाती, अडेनियम, काटेरी युफोर्बिया मिली, गोल्डन बॅरल कॅक्टस, स्नेक प्लांट. दगडाच्या पूर्वेच्या सावलीत हॉवर्थिया आणि गॅस्टेरिया, ही कोरफडीच्या नात्यातली छोटी झाडं. खालच्या पायरीला उन्हात चिनी गुलाब, ज्याला कुणी ऑफिसटाइम म्हणतं. तो उन्हाळाभर रंग देतो आणि खडी झाकतो. अडेनियमचा आणि युफोर्बियाचा चीक विषारी, डोळ्यांत गेला तर फार त्रास देतो. छाटणीनंतर हात धुतल्याशिवाय चेहऱ्याला लावू नका.

पण बागेला मराठवाड्याचा चेहरा देतात ती माळावरची झाडं. माकडशिंगी दगडांच्या आडोशाला, झुडपाच्या पायाशी वाढते. चौकोनी मांसल दांडे, बारीक फुलं. रानकांदा ऐन उन्हाळ्यात पानांविना नुसता फुलांचा दांडा वर काढतो, पानं नंतर पावसात येतात. कोरांटी मागच्या बाजूला, झुडूप म्हणून. पानफुटीचं एक पान खडीत टाकलं तरी पुरतं, किंबहुना पुढं ती आवरावी लागते. थंड देशातली झाडं बर्फाखाली झोपतात, आपली ही झाडं उन्हात झोपतात. रानकांद्याची पानं दिवाळीनंतर पिवळी पडली की लोक पाणी घालत सुटतात आणि कांदा कुजवतात. झोपू द्या त्याला.

ही झाडं गौताळा अभयारण्यातून किंवा कुठल्याही राखीव जंगलातून उपटून आणू नका. ते बेकायदा आहे आणि उपटलेली बहुतेक मरतात. गावाकडच्या स्वतःच्या बांधावरची फांदी, कांद्याचं पिल्लू, बी, एवढं पुरतं. घायपात आणि फड्या निवडुंग मात्र लहान बागेत लावूच नका. पाच वर्षांनी ते बाग खातात.

लागवड

नर्सरीतलं झाड पिशवीतून काढलं की मुळाभोवतीचा लाल मातीचा किंवा कोकोपीटचा गोळा तसाच लावू नका. तो गोळा आणि आपला मुरूम यांची ओल कधी जुळत नाही. एकतर तो वाळून दगड होतो, नाहीतर भिजून स्पंज. हलक्या हातानं सगळी माती झटका, मेलेली मुळं कापा, झाड सावलीत चार-पाच दिवस तसंच उघडं ठेवा. जखमा वाळल्या की लावा. फांदी लावायची तर आठवडाभर वाळवा. हे ऐकून माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, ‘रोप आणून वाळत घालतात हे पहिल्यांदाच बघतेय.’

बूड आधी मिश्रणाच्या पातळीच्या बोटभर वर ठेवा, मग भोवती खडी पसरा, दीड-दोन इंच. खडी काळी नको, तापते. लालसर मुरमाचे जाड खडे, फुटक्या कौलांचे तुकडे, गारगोट्या, काहीही फिकट. खडीमुळं बूड कोरडं राहतं, पावसाचा चिखल पानांवर उडत नाही आणि तणही कमी येतं. लावल्यावर पहिलं पाणी आठ दिवसांनी.

पाणी, नेट आणि गोगलगायी

हिवाळ्यात पंधरा-वीस दिवसांनी एकदा. मार्च ते मे आठ-दहा दिवसांनी, संध्याकाळी, मुळांशी, भरपूर. रोज थोडं थोडं शिंपडणं सगळ्यात वाईट, त्यानं मुळं वरच राहतात आणि भाजतात. जून ते सप्टेंबर काहीच नाही, मोठी उघडीप पडली तरच एखादं. बोअरचं पाणी क्षारांचं असेल तर खडीवर पांढरा थर येतो. वर्षातून एकदा पहिल्या चांगल्या पावसात तो धुऊन निघतो. आरओचं टाकाऊ पाणी या बागेला घालू नका, त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. पहिल्या उन्हाळ्यात मार्चच्या मध्यापासून पाऊस लागेपर्यंत पन्नास टक्के ऊन अडवणारं हिरवं नेट बांधा. दुसऱ्या वर्षी बहुतेक झाडांना त्याची गरज पडत नाही.

पानांच्या बेचक्यात कापसासारखं काही दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. दोन-चार असतील तर ओल्या कापडानं पुसा, जास्त असतील तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडा साबण, संध्याकाळी फवारा. उन्हात फवारलं तर पानं करपतात. खरा त्रास गोगलगायींचा. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिवच्या सोयाबीनची त्यांनी काय गत केली ते आठवत असेल. दगडांखालचा गारवा त्यांनाही आवडतो. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट बागेच्या कडेला टाकून ठेवा, पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगायी मोजे घालून वेचा आणि मिठाच्या पाण्यात बुडवा. मीठ बागेत टाकायचं नाही. भोवतीच्या चरात चुन्याची भुकटी टाकली तर नव्या लवकर आत येत नाहीत.

वर्षातून एकदा, एप्रिलच्या शेवटी, पहार घेऊन सगळ्या दगडांवरून फिरा. काळ्या मातीच्या भेगा वाफ्याच्या कडेपर्यंत आलेल्या असतील. त्यांत पाणी ओतून त्या बुजवायला जाऊ नका; कोरडा बारीक मुरूम ओता, पहारीनं ठासा, पुन्हा ओता. डुलणाऱ्या दगडाखालीही तेच. मग चर साफ करा, त्यातला गाळ काढून आंब्याच्या आळ्यात टाका. आभाळ भरून यायच्या आत एवढं उरकलेलं असावं.